शिवारफेरी माझ्या धुऱ्यापर्यंतच झाली

शासनाची पाणलोटाची योजना आली तेव्हा मी गावच्या समितीचा सचिव होतो. सेलूकडच्या आमच्या गावात नाला टेकडीवरून उतरतो. टेकडीच्या पायथ्याशी गोंडांची टोली, म्हणजे छोटी वस्ती, तिच्याखाली आमचं गाव. पाणी दोघांचं एकच. नियम साफ होता: काम माथ्यापासून सुरू करायचं, आणि त्याआधी सगळ्यांनी मिळून सबंध शिवार पायी फिरायचं, कुठे काय करायचं ते जागेवर ठरवायचं. तीच शिवारफेरी.

फेरीच्या दिवशी योजनेचे साहेब उशिरा आले. माझ्या घरी चहा-पोहे होईस्तोवर ऊन चढलं. फेरी माझ्या शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत गेली आणि तिथूनच परतली. अहवालात मी ‘संपूर्ण क्षेत्र पायी पाहिले’ असं लिहून सही केली. टोलीतली माणसं वर वाट पाहत बसली होती, हे मला नंतर कळलं. नाही, खोटं कशाला? तेव्हाच माहीत होतं. ‘वर थांबा, आम्ही येतो’ असा निरोप मीच धाडला होता.

टेकडीवर पाणी मुरवायला खणायचे चर राहूनच गेले. नाला तेवढा खोल झाला, तोही माझ्या शेतापासून वर. टोलीच्या खालच्या अंगाला नाल्यात आडवा काळा खडक होता. खोदाईची मशीन तिथे पोचली, तशी टोलीतली एक म्हातारी उतरून आली.

“भाऊ, हा खडक नका फोडू. ह्याच्यानंच आमच्या झिऱ्याले पाणी राह्यते.”

झिरा म्हणजे वाळूतला खड्डा. टोली त्याचंच पाणी प्यायची.

मशीनवाला म्हणाला, “आजी तं इंजिनेर होऊन राह्यली.”

मी हसलो. “पाणी वाढनच, माय. सरकार काय येडं हाय?”

“मंग त्या दिवशी वर काऊन नाई आले?”

मी मशीनवाल्याला हात केला. दुपारपर्यंत खडक फुटला.

त्या उन्हाळ्यात माझी विहीर पहिल्यांदा आटली नाही. झिरा मात्र होळीलाच कोरडा पडला. अडलेलं पाणी फुटक्या खडकातून माझ्याकडे उतरलं होतं.

यंदा नवी योजना आली. यादीत टोली नाही. कचेरीतल्या बाबूने माझाच अहवाल पुढे केला: इथे काम झालेलं आहे.

“हा अहवाल खोटा आहे,” मी म्हणालो.

“लेखी द्या.”

दिलं. समितीतला जुना सोबती चौकात म्हणाला, “पोटभर पाणी पेल्यावर पुण्य सुचलं ह्याले.” अर्ज कचेरीत तसाच पडून आहे.

टोलीतल्या बायका आता माझ्या विहिरीवर येतात. म्हातारी दर वेळी थांबून विचारते, “भरू का, भाऊ?”

“इचारत नको जाऊ, माय.”

“इचारा लागते. पाणी तुमचं हाय.”

ती हे मनापासून म्हणते की मला टोचायला, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.