पॉलीन नावाची डिस्क

कतारमधल्या अल वक्र्याला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आल्बर्ट तुस्कानो राहतो. मूळचा वसईचा. एका बांधकाम कंपनीत तो डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे नकाशे नि पत्रं सांभाळणारा. कुठलाही नकाशा आला की त्याच्या दोन प्रती करायच्या, एक इथं ठेवायची, दुसरी दुसऱ्या इमारतीत. एकोणीस वर्षांत त्याच्या हातून एक चिठोरंही हरवलेलं नाही. आणि हाच माणूस घरी काय करून बसला ते ऐका. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो असा.

त्याची बायको पॉलीन, नर्स. ती गायची. कतारात शुक्रवार हाच आपला रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये पॉलीनचा आवाज लागला की मागच्या बाकावरचे घड्याळवाले घड्याळ बघायचं विसरायचे. घरात तर ती बोलायची कमी आणि गायचीच जास्त. कांदा चिरताना भक्तिगीत, कपडे वाळत घालताना वसईकडची लग्नाची गाणी, मुलगी फियोना लहान असताना तिला निजवायला काहीतरी स्वतःच जुळवलेलं. फियोना आता कॉलेजसाठी पुण्याला गेली, पण ते अंगाईसारखं काहीतरी अजून तिला येतं म्हणे.

दोन वर्षांपूर्वी पॉलीनच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. आवाजाच्या नसेला धोका आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे बोट तरी कुणाकडे दाखवणार. गाठ गेली, पॉलीन वाचली, आवाज तेवढा गेला. आता ती बोलते ते नुसत्या श्वासाने, शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल इतपत. वॉर्डातून तिला उपकरणं निर्जंतुक करायच्या विभागात हलवलं. तिथं दिवसभर कात्र्या नि चिमटे पाकिटांत भरायचे, बोलायचं काम नाही.

आल्बर्ट जात्याच स्वप्नाळू. समोरच्याचं बोलणं चालू असताना हा मनाने बंदरावर फिरून येणार. पण एक गोष्ट त्याने नेमाने केली होती. चौदा वर्षं तो पॉलीनला गाताना रेकॉर्ड करत आला होता. कधी फोनवर, कधी लहानशा कॅमेऱ्यावर, बहुतेकदा तिच्या नकळत. ते सगळं सात-आठ मेमरी कार्डांवर नि चार जुन्या फोनांत पसरलेलं होतं. नोव्हेंबरात लग्नाला पंचवीस वर्षं होणार, तेव्हा त्याचा एक तासाभराचा चित्रपट करायचा, असं त्याने मनाशी घेतलं. पॉलीनला सांगितलं नाही. तिला एकदम दाखवायचा बेत होता.

घरचा कॉम्प्युटर मात्र म्हातारा. पडद्यावर पॉलीनचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. आल्बर्टला ते बघवेना. तो गेला हमीदकडे. हा हैदराबादचा, वक्र्यालाच कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. हमीद म्हणाला, दोन हार्ड डिस्क लावा आणि त्यांची स्ट्राइप करा. कॉम्प्युटर एकाच वेळी दोघींवर लिहील, दोघींवरून वाचेल, वेग दुप्पट. आणखीही काहीतरी तो सांगत होता, दुसरीकडे कॉपी ठेवा वगैरे. पण आल्बर्टच्या कानांत तोवर गाणं सुरू झालं होतं. त्याने मान डोलावली, एक नवी डिस्क घेतली आणि घरी आला. दुसरी घरात होतीच, पाच वर्षं चाललेली.

दुपारी तीनला त्याचं ऑफिस सुटतं, पॉलीन सहाला येते. मधले तीन तास त्याचे. जेवणाच्या टेबलावर चादर पसरून त्याने कॉम्प्युटर उघडला, आतली धूळ ब्रशने झाडली, दोन्ही डिस्क खालीवर बसवल्या, वायरी जोडल्या. मग पडद्यावर नवीन स्ट्राइप्ड व्हॉल्यूम निवडली. आधीचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याने चालेल म्हटलं. दोन वेगळ्या डिस्कांवर एकाच हिरवट निळ्या रंगाचे पट्टे उमटले आणि दोघी मिळून एक झाल्या. नाव काय द्यायचं, असं विचारल्यावर त्याने लिहिलं, पॉलीन.

आता त्याची चूक सांगतो. ती गल्फमध्ये राहणारा माणूसच करू जाणे. सुट्टीला गावी निघताना इथली माणसं दोन बॅगा भरतात आणि प्रत्येक वस्तू दोन्हींत वाटतात. निम्मं चॉकलेट हिच्यात, निम्मं तिच्यात; एका मेव्हण्याचा शर्ट इथं, दुसऱ्याचा तिथं. एक बॅग विमानतळावर गहाळ झाली तर निम्मं तरी हाताशी राहतं. आल्बर्टची एकदा खरंच गहाळ झाली होती आणि निम्म्या भेटींवर त्याने सगळ्यांची तोंडं गोड केली होती. तेव्हापासून हा त्याचा धर्मच झाला होता. पॉलीनचा आवाजही आपण असाच दोन बॅगांत भरलाय, अशी त्याने समजूत करून घेतली. एक डिस्क गेलीच तर निम्मी गाणी राहतील. मग कॉपीचा पसारा कशाला? त्याने सगळं त्या डिस्कांवर उतरवलं, कार्डं नि फोन पुसून स्वच्छ केले आणि चर्चमार्फत बिरकत अल अवामेरच्या मजूर कॅम्पातल्या माणसांना देऊन टाकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पण पुढचे पाच महिने मात्र गोड गेले, हे कबूल करायला हवं. दुपारी तो पडदे ओढायचा, कानांना हेडफोन लावायचा आणि पॉलीन गायला लागायची, एकदम स्वच्छ, ओठ नि आवाज एका क्षणी. बाहेर ऊन इतकं पांढरं की समुद्र कुठे संपतो ते कळू नये. आत ती ओल्या केसांनी खिडकीशी उभी, चौतीस वर्षांची, कुणी बघत नाही अशा समजुतीत गुणगुणणारी. चित्रपट राहिला बाजूला. तो नुसता ऐकत बसायचा. सहाला खरी पॉलीन यायची, चप्पल काढायची, हळू काहीतरी म्हणायची. त्याला ते ऐकू यायचं नाही. तो तसाच हसून हं म्हणायचा. ती स्वयंपाकघरात जायची.

ऑगस्टात एका दुपारी कॉम्प्युटरमधून टक टक असा आवाज यायला लागला आणि पॉलीन नावाची डिस्क पडद्यावरून नाहीशी झाली. आल्बर्ट घाबरला नाही. जुनी गेली असणार, निम्मं तर आहे, असं म्हणत तो दोन्ही डिस्क रुमालात गुंडाळून हमीदकडे गेला.

हमीदने त्या लावून बघितल्या, कानाशी धरल्या आणि खाली ठेवल्या.

"आल्बर्टभाई, कॉपी कुठे आहे?"

"कॉपी नाही. पण निम्मं या नवीवर असेल ना?"

हमीदने टेबलावरचा एक वर्तमानपत्राचा कागद घेतला, कात्रीने त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या आणि एकाआड एक पट्टी उचलून बाजूला केली. उरलेल्या त्याच्यापुढे सरकवून म्हणाला, "वाचा."

आल्बर्ट वाचायला गेला. प्रत्येक ओळ होती आणि एकही ओळ नव्हती. गाणी वाटली गेलीच नव्हती, प्रत्येक गाण्याच्या चिंधड्या करून त्या एक इकडे, एक तिकडे ठेवल्या होत्या. एक ना धड, भाराभर चिंध्या.

हमीदने जुनी डिस्क दुबईच्या एका लॅबला पाठवली. तीन आठवडे आल्बर्ट जेवला काय, झोपला काय, सगळं नावाला. पॉलीनने विचारलं की डोकं दुखतंय म्हणायचा. तीन आठवड्यांनी हमीदचा फोन आला. डिस्कची तबकडी आतून घासली गेली होती. काही निघणार नाही. "खलास," हमीद म्हणाला, आणि त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण फोन ठेवायला त्याने वेळ लावला.

त्या दिवशी पॉलीन आली तेव्हा पडदे उघडे होते आणि आल्बर्ट रिकाम्या टेबलाशी बसला होता. त्याने सगळं सांगितलं. कार्डं, कॅम्प, चित्रपट, टक टक. शेवटी म्हणाला, "तुझा आवाज मी घालवला, पॉलीन. तो दुसऱ्यांदा गेला आणि या वेळी माझ्यामुळे." आणि पन्नाशीचा तो माणूस हुंदके देऊन रडला.

पॉलीनने पर्स टेबलावर ठेवली. तिचेही डोळे भरले होते. चौदा वर्षांचा आपला आवाज गेला म्हटल्यावर कुणाचं काळीज हलणार नाही? मग ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्या श्वासाच्या आवाजात बोलायला लागली. ऐकायला त्याला डोकं पार तिच्या खांद्याशी न्यावं लागलं.

"तू ऐकत बसायचास ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "एकदा लवकर सुटले होते. दार उघडलं तर तुझी पाठ माझ्याकडे, आणि पडद्यावर ती गात होती. मी परत जिना उतरले नि खाली बसून राहिले सहा वाजेपर्यंत."

"ती म्हणजे कोण? तूच की."

"मी नव्हते. मी दारात उभी होते." तिने रुमालाने नाक पुसलं. "तिचा मला हेवा वाटायचा, आल्बर्ट. तिच्यासाठी तू पडदे ओढायचास. मी आले की नुसतं हं."

पाच महिन्यांची ती संध्याकाळची बोलणी आल्बर्टला आठवेनात, कारण त्यातलं एकही त्याने ऐकलं नव्हतं. आणि त्यांची तर एकही कॉपी कुठे नव्हती.

"काय सांगायचीस तू?" त्याने विचारलं. "रोज आल्यावर."

"काही विशेष नाही. आज काय झालं ते."

"मग सांग. आज काय झालं?"

पॉलीनने त्याच्याकडे बघितलं, खरंच विचारतोय का ते नीट पारखलं. मग म्हणाली, "आज एका पाकिटात एक कात्री जास्त निघाली," आणि आल्बर्ट श्वास रोखून ऐकायला लागला.