पगारी चोंबडी

उभ्या रत्नागिरीत माझ्या भाडेकरणीइतकी चोंबडी मुलगी दुसरी सापडणार नाही, आणि नवल म्हणजे तिला त्या चोंबडेपणाचा पगार मिळतो. मुलगी मूळची नेपाळची. बाप आंब्याच्या बागेत राखणीला होता, त्याच्या मागोमाग ही लहानपणी इथे आली, नगरपालिकेच्या शाळेत शिकली आणि आमच्यासारखेच हेल काढून बोलायला लागली. कॉलेज संपल्यावर एका संस्थेने तिला कामाला घेतलं. काम काय, तर मच्छीच्या बोटींवर आणि बागांमध्ये कुठकुठली तरणी पोरं येतात, कुणी नेपाळी, कुणी कानडी, कुणी ओडिशाचा. त्यांना संध्याकाळी एकत्र जमवायचं, मराठी शिकवायचं, दवाखान्यात सोबत जायचं आणि इथल्या पोरांशी त्यांची ओळख करून द्यायची. मी चौथी शिकलेली बाई, मला हे काही पटेना. "ओळख करून द्यायला पगार कसला गो? मी जन्मभर फुकट करत्येय," मी म्हटलं. तर म्हणते, "आजी, तुम्ही ओळख करून देत नाही, चुगल्या करता."

तिला दोन माणसं गप्प शेजारी बसलेली बघवत नाहीत. एकदा आम्ही एस.टी.ने मालगुंडला निघालो होतो. पुढच्या बाकावर दोन अनोळखी म्हाताऱ्या दोन दिशांना तोंडं करून बसल्या होत्या. हिने मध्ये डोकं घातलं. आरे-वारे येईपर्यंत दोघी एकमेकींच्या सुनांना नावं ठेवत होत्या आणि मालगुंडला उतरताना गळ्यात पडून रडल्या. रस्त्यात खलाशी दिसला की त्याच्या भाषेत 'जेवलास काय' हे ती विचारणारच. पुढचं एक वाक्य येत नसलं तरी विचारणार, आणि तो नाही म्हणाला की घरी घेऊन येणार. भात माझा. शिवाय मुळ्याचा पाला बरणीत कोंबून आंबवायची आणि माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळत घालायची. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा उंदीर मेला समजून मी सगळी पडवी धुऊन काढली. तिने त्या पाल्याचं कढत कालवण केलं. मी दोन वाट्या प्यायले आणि वाईट झालंय म्हणून सांगितलं. पुढेपुढे पाला वाळत असला की कावळे हाकलायला मीच बसायचे.

तिचा वर्ग आमच्या वाडीच्या समाजमंदिरात भरायचा. संस्थेने तिला अजून कायम केलं नव्हतं, शिमग्यापर्यंत काम बघू म्हणाले होते. आणि शिमग्याच्या तोंडावरच क्रिकेटवरून वाडीच्या पोरांची नि बोटीवरच्या पोरांची मारामारी झाली. वाडीचा गावकर, म्हणजे आमचा मुख्य मानकरी, येऊन सांगून गेला, "शिमगो झालो की समाजमंदिराला कुलूप. आमका भांडणा नको." जागा नाही तर वर्ग नाही आणि वर्ग नाही तर नोकरी नाही. दोन दिवस तिने मला काहीच विचारलं नाही, माझे गुडघे कसे आहेत हेसुद्धा नाही, तेव्हा मी ओळखलं की पोरगी खरीच घाबरली आहे.

मग शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी आमच्या खळ्यात आली. पालखी आली की गावकर घरच्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो आणि दर वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गावकराने माझे गुडघे, नारळाची झाडं, मुंबईचा मुलगा सगळं देवाच्या कानावर घातलं. आता हिला वाटलं, त्याचं संपलं की ज्याला अडचण असेल त्याने पुढे बोलायचं. आमच्याकडे गावकराशिवाय कुणी गाऱ्हाणं घालत नाही, बाईमाणूस तर नाहीच नाही. ही पदर खोचून पुढे झाली.

"बा देवा म्हाराजा! माझी पोरां नि वाडीची पोरां मारामारी करून बसली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. तोंडाची सवय.

"त्यांका एका जाग्यावर बसव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समाजमंदिर उघडा ठेव नि माझी नोकरी टिकव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि ढोलवाल्याने ढोलावर टिपरूही हाणलं.

मग आपण कशाला होय म्हटलं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. सर्वांत मोठा आवाज गावकराचाच होता, आणि त्याचं तोंड अजून उघडंच होतं.

"काकी, ह्या काय झाला?" त्याने मला विचारलं.

"देवासमोर तू होय म्हणालास," मी म्हटलं. "मागे घ्यायचं असेल तर त्याला सांग, मला नको."

त्याने पालखीकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, डोकं खाजवलं. मग पहिल्यांदा हसला कोण, तर तोच. "काकी, ही तुमची भाडेकरीण..."

"मेली चोंबडी आहे," मी म्हटलं.

"तिका सांगा, ढोल वाजवून आमच्या पोरांचे हात मोडले. बोटीवरची चार पोरां पाठव म्हणावा."

चार सांगितली होती, चौदा आली. कानडी पोराने ढोल असा बडवला की शेजारच्या वाडीची माणसं बघायला आली. समाजमंदिराला कुलूप लागलं नाही.

संस्थेने तिला कायम केलं आणि आता पोरांच्या जवळ राहायला हवं म्हणून बंदराकडे खोली दिली. बोचकी बांधून गेली पोरगी. जाताना पाया पडली, मी म्हटलं, "ऊठ, पोरं खोळंबली असतील."

परवा बँकेतला एक मुलगा माझी खोली बघायला आला. चांगल्या घरचा, निर्व्यसनी. म्हणाला, "आजी, माझा तुम्हाला काडीचा त्रास होणार नाही. मी घरात आहे हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही."

मी सांगितलं, खोली द्यायची नाही.