जुळे दिवे

त्या सकाळी हिरामणने फियाटची चावी अर्धी फिरवली आणि नेहमीसारखा थांबला. समोर दोन लाल दिवे पेटले, एक ऑइलचा, एक बॅटरीचा. इंजिन चालू झालं तसे दोन्ही एकदम विझले.

"बघ शालन, दोघं झोपली. आता निघायला हरकत नाय," तो धाकट्या बहिणीला बोलला.

"जुळी आहेत का रे दादा? उठतात पण एकत्र, झोपतात पण एकत्र."

"तू डबा दे. दिव्याचं मला शिकवू नको."

अंबरनाथच्या कंपनीत हिरामणने अकरा वर्षं जीप चालवली. साहेब कितीपण घाई करो, हा आधी दिवे बघणार. चालत्या गाडीत ऑइलचा दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद, मग मागचा हॉर्न मारून मरो. कंपनी बंद पडली तेव्हा बबनने त्याला ही जुनी फियाट विकली, हिरवी रंगवून. बबन कंपनीतलाच, एका डब्यात जेवलेला, आता उल्हासनगरला गॅरेज टाकलेला. "तुला खराब गाडी देईन का मी?" बोलला. हिरामणने पुढे काय विचारलं नाय.

दुपारी वांगणीला पाहुणे सोडून येताना बदलापूरच्या अलीकडे चढावर इंजिन जाम झालं. हिरामण उतरून चाकामागे दगड लावत होता. मागून ट्रक आला.

बबनने खांदा दिला. वर शालनला बोलला, "दिवा लागला असणार ताई. ध्यान नसेल त्याचं."

शालनने बाकी सगळं गिळलं, हे नाय गिळलं. दादाचं ध्यान नव्हतं?

पाचव्या दिवशी तिने विठ्ठलवाडीच्या भगवंत वायरमनला बोलावलं. त्याने दिव्यांचा मीटर बाहेर ओढला आणि मागच्या वायरी चाचपल्या.

"ताई, ऑइलच्या दिव्याची वायर कापलीय. दिवा बॅटरीच्या दिव्याला जोडलाय, ह्या तुकड्याने."

"म्हंजे?"

"म्हंजे तो विझला की हा पण विझणार. ऑइलचा पंप मरायला टेकलेला असला तरी. खरा दिवा विझलाच नसता, मग गाडी कोण घेणार? विकताना करतात असं काही लोकं."

"दादाने केलं नसेल?"

"टेपवर हिरवा रंग उडालाय. रंगवायच्या आधीचं काम आहे."

शालन तिथेच पायरीवर बसली. दादा रोज बघत होता. शेवटच्या दिवशीपण बघितलं त्याने. दिवाच खोटं बोलत होता, आणि दिव्याला खोटं शिकवणारा त्यांच्याच घरात जेवून जायचा.

दादाच्या जलदान विधीला, मरणानंतरच्या कार्याला, बबन केळी घेऊन आला. शालनने त्याला बसवलं, पाण्याचा ग्लास दिला. मग पदराची गाठ सोडून वायरचा तो तुकडा टेपसकट त्याच्या हातावर ठेवला.

बबनने बघितलं. हे काय आहे, असं त्याने विचारलं नाय. ग्लास तसाच भरलेला खाली ठेवला आणि दारात चपला शोधायला लागला.