लोणच्यासाठी बंकरबाहेर

आमचा काका फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला, शौर्यपदक घेऊन. ते पदक मी शाळेपासून स्वतःच कमावल्यासारखं मिरवत आलेय. "गोळीबारातून जखमी जवानाला खेचून आणलंय माझ्या काकाने!" हे ऐकवून ऐकवून मी तेव्हा आम्ही राहायचो ती अख्खी कोपरी पिडली.

यंदा सव्वीस जानेवारीला बाळकुमच्या आमच्या सोसायटीने त्याचा सत्कार ठरवला, तेव्हा त्याचं भाषणही मीच लिहून दिलं. चार पानं. त्यात 'रक्ताचा शेवटचा थेंब' दोनदा होता.

काकाने शाल घेतली, नारळ घेतला, माझ्या भाषणाची घडी खिशात कोंबली आणि माईकवर म्हणाला, "खरं सांगू का, मी जवानासाठी गेलोच नव्हतो. मी लोणच्यासाठी गेलेलो."

मी खुर्चीतच गार!

दोन दिवस सुक्या पुऱ्या चावत ते सगळे डोंगरावरच्या बंकरमध्ये बसलेले. खालून सामान आलं आणि उतरवतानाच समोरून मारा सुरू झाला. सगळे आत पळाले, पोती बाहेरच राहिली. त्यांच्यावर आजीच्या हिरव्या लुगड्यात शिवलेलं पार्सल. आत कैरीचं लोणचं, हे काकाला पक्कं ठाऊक.

"पन्नास पावलांवर हो! राहवेना. निघालो सरपटत. पुढून गोळ्या, मागून आमच्या साहेबांच्या शिव्या. पोत्यांमागे पोचतो तर काय, पाय फुटलेला एक जवान. आम्हाला वाटलेलं, तो आत आलाय."

सोसायटी हसून लोळत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "अरे काका, लाज काढलीस! पदक काय लोणच्याला मिळतं?"

"तेच तर खुपतं गं मला. लोक पाया पडतात आणि मला लोणचं आठवतं."

"मग ते लोणचं तरी आणलंस का?"

"माणूस ओढायला दोन्ही हात लागतात. पार्सल तिथेच माऱ्यात गेलं. पण आईला लिहिलं, लोणचं फक्कड झालंय, सगळ्यांनी बोटं चाटली. एवढं खोटं बोललो तिच्याशी. ती गेली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. कारण ते पत्र आजीला मीच वाचून दाखवलेलं. त्या वर्षी तिने लोणच्यात चुकून दोनदा मीठ घातलेलं, आणि ते पार्सल गेल्यावर आमच्या लक्षात आलं. 'फक्कड' ऐकल्याबरोबर म्हणाली, "मेल्याने तोंडाला लावलेलं नाही. तिकडे काहीतरी झालंय." आणि देवापुढे जाऊन बसली. दुपारी जेवली नाही.

हे सगळं मी काकाला सांगितलं.

"म्हणजे तिला कळलेलं?"

"तेव्हाच."

सुभेदारसाहेबांनी सत्काराची कोरी शाल उचलली आणि खुशाल नाक पुसलं. मग विचारलं, "फार खारट होतं?"

"मिठागर होतं, काका."

"अरे देवा," तो म्हणाला, "आणि मी त्याच्यासाठी बाहेर पडलो!" हसत होता की रडत होता, मला कळेना. मी त्याच्या शेजारी बसून शालीचं दुसरं टोक घेतलं.