अहिल्याबाईंचं मोकळं कपाळ

चित्राकडं न बघता चित्रावर बोलणाऱ्या माणसांची मुरुमच्या सिद्रामप्पा पेंटरांना भारी चीड. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॉल्यांवर मोर नाचवले, शाळांच्या भिंतींवर नद्या वाहत्या केल्या. पण स्वतःचं म्हणून ते एकच काम सांगत. लोहाऱ्याकडच्या एका गावातल्या समाजमंदिरातलं अहिल्याबाई होळकरांचं चित्र. पांढरं लुगडं, तळहातावर पिंड, आणि कपाळ मोकळं.

जयंतीच्या आदल्या दिवशी निरोप आला, "आप्पा, नवं चित्र आणलंय. जुनं घेऊन जावा."

घेऊन जावा! जणू ते भाड्यानं आणलेलं भांडं होतं. रंगाची पेटी काखेत मारून आप्पा जीपमध्ये बसले, ते वाटभर स्वतःशीच भांडत.

समाजमंदिरात दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून शेजारी शेजारी ठेवली होती. नवं पुण्याहून आलेलं. बाई गोरीपान, गालांवर लाली, गळाभर दागिने, भरजरी लुगडं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"दिग्विजय, ही कोण?" त्यांनी जयंती समितीच्या तरण्या अध्यक्षाला विचारलं.

"चेष्टा करता व्हय? अहिल्यामाता की."

"ऐन तारुण्यात नवरा गेला तिचा. राज्य केलं ते त्याच्यामागं. मग हे कुंकू कुठनं आलं?"

"आईला कुंकू लावलं तर बिघडलं काय? झळाळी बघा की! तुमची लई उदास दिसती. अन् सावळी बी."

"उन्हातान्हात राज्य हाकलं तिनं! सावलीत बसून न्हाय!"

"घोड्यावर दाखवली असती तर मिरवणुकीत शोभली असती," दारात उभा असलेला समितीतला श्रीमंत नावाचा पोरगा म्हणाला. त्यानं अजून एकाही चित्राकडं नीट बघितलं नव्हतं.

आप्पांनी डोक्याला हात लावला.

"असं करू," दिग्विजय म्हणाला, "तुमच्या चित्राला बी कुंकू काढा. मग तेच ठेवू."

पेटी जवळच होती. बोटभर लाल रंग, आणि भिंत त्यांचीच राहणार होती. आप्पांनी त्या कपाळाकडं बघितलं आणि पेटी पायानं मागं सारली.

"न्हाय काढणार."

"मग न्या घरी."

आप्पा चौकट उचलायला वाकले. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या विठाबाईनं दुसरी बाजू धरली. दिग्विजयची ती चुलती.

"ठेवा खाली, आप्पा." मग ती पुतण्याकडं वळली. "धनी गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलवत न्हाय. हिच्यापुढं मातर म्या ताठ उभी राहते. ही माझ्यावाणी हाय. तुझी नवी लग्नाला निघाल्यावाणी दिसती. तिला मिरव ट्रॅक्टरवर."

मोकळ्या कपाळाच्या आणखी दोघी केरसुण्या टाकून तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. दिग्विजयनं मान खाली घातली आणि जुनं चित्र पुन्हा खिळ्याला अडकवलं.

आप्पांनी चष्मा सावरला. "म्हणजे चित्र जमलंय म्हणता, विठाबाई?"

"कशाचं जमलंय! नाक वाकडं हाय. कपाळ तेवढं खरं हाय."

नाक! सगळ्यात जास्त ज्या नाकावर ते खपले होते, ते नाक!

"आत्ता नीट करतो," म्हणत आप्पांनी पेटी उघडली.

"हात लावू नका. इतकी वरसं वाकड्याच नाकाला हात जोडलेत आमी."

परतीच्या जीपमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला धरून आप्पा मुरुम येईपर्यंत ते नाक कसं सरळ आहे, हे पटवून देत होते.