रंगारी गल्लीचा हौद

माझी मावशी सरकारी दवाखान्यात बाइंडर होती. तळघरातल्या लांबट खोलीत बसून ती जुनी रजिस्टरं उसवायची, पुन्हा शिवायची, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायची. शिक्षण सातवीपर्यंत. इतिहासाच्या तासाला आपण पेंगायचो, हे तीच हसत सांगायची. "मेलेल्यांच्या सनावळ्या पाठ करून कोणाचं भलं झालंय?" असं तिचं म्हणणं. हजारो रजिस्टरं हाताखालून गेली, पण वाचलं एकही नाही. टाका सरळ पडला की झालं.

त्या वर्षी तापाची साथ आली. आठवड्याच्या आठवड्याला नव्या रुग्णांचे कागदही बांधायला तिच्याकडेच यायचे. एका दुपारी ते बाजूला सारून तिने नव्वद वर्षांपूर्वीचं एक रजिस्टर उसवायला घेतलं. दोरा सुटला, पानं मोकळी झाली आणि शिवणीत दडलेल्या समासातली बारीक अक्षरं उघडी पडली. कोण्या नर्सने लिहिलं होतं, 'आजचे चौघेही रंगारी गल्लीचे. चौघेही हौदाचं पाणी पिणारे.' पुढे एका पानावर, 'कोणी ऐकत नाही.' आणि बऱ्याच पानांनंतर, 'हौद बुजवला. महिना झाला, गल्लीतून एकही रुग्ण नाही.'

रंगारी गल्ली! हे नाव आता कुठल्या पाटीवर नव्हतं. पण मावशीच्या सासूबाईंच्या तोंडी अजून तेच होतं. बाकी जग त्या भागाला बँक कॉलनी म्हणायचं. मावशीने यंदाचे कागद पुढ्यात ओढले आणि पत्त्यांवरून बोट फिरवू लागली. बँक कॉलनी. बँक कॉलनी. मध्येच एखादा दुसरा पत्ता, की पुन्हा बँक कॉलनी. तिने जुनी पानं आणि यंदाचे कागद दोन्ही उचलले.

खळीने बरबटलेल्या हातांनी तशीच ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्या म्हणाल्या, "अहो मावशी, तेव्हाच्या हौदाचा आणि आजच्या तापाचा काय संबंध? आता घरोघरी नळ आहेत."

"ते मला अडाणीला काय कळणार, बाई? पण हिला 'कोणी ऐकत नाही' असं लिहावं लागलं. निदान तुम्ही तरी ऐका."

डॉक्टरीणबाईंनी नर्सच्या त्या तीन नोंदी पुन्हा वाचल्या आणि पाणीखात्याला फोन लावला.

तिसऱ्या दिवशी खोदकाम झालं, तेव्हा मीही गेले होते. कॉलनीच्या बागेखाली पुरुषभर खोलीवर दगडी पायऱ्या लागल्या. बुजवलेल्या हौदाची माती खचली होती, तिच्यावरून गेलेला पाण्याचा पाइप वाकून फुटला होता आणि शेजारच्या गटाराचं पाणी त्यात शिरत होतं. पाइप टाकणाऱ्यांना खाली हौद आहे याचा पत्ताच नव्हता.

सगळे माना वाकवून बघत राहिले. मावशीने पदर तोंडाला लावला. "अगं, केव्हाची गेलेली बाई ही," ती हळूच मला म्हणाली, "आणि आज लोकांची लेकरं वाचवतेय."

पाइप बदलला, आणि महिनाभरात कॉलनीतला ताप ओसरला. मावशीने त्या नर्सचं नाव खूप शोधलं. सापडलं नाही.

पण तेव्हापासून ती प्रत्येक रजिस्टर आधी वाचायची, मग शिवायची. कामं तुंबली. हेडक्लार्क वैतागून म्हणाले, "मावशी, हे बांधायला दिलंय की वाचायला?"

"साहेब, तीस वर्षं नुसतं शिवलं," मावशी पान न मिटता म्हणाली. "आता काय शिवतेय ते कळू द्या की."