कडीवरच्या दोन थापा

रियाधपासून तासाभरावर, वाळूत, आमची चाचणीची रेंज होती. सुरक्षा दलांनी बंदुका विकत घेण्याआधी त्या तपासून अहवाल द्यायचा, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. त्या वर्षी आल्या होत्या घडीच्या कार्बाइन. गोळी पिस्तुलाचीच, पण नळी लांब आणि खांद्याला टेकवायला दस्ता. मधोमध बिजागरी. नळी उलटी वळवून दस्त्यावर ठेवली की बंदूक अर्धी होते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते. पुन्हा उघडली की नळीच्या मुळाशी असलेली कडी खटकन बसते.

आम्हाला पाहायचं होतं ते एवढंच, की घडी करून उघडल्यावर गोळी पुन्हा त्याच जागी लागते का.

सौदीकरणाचे दिवस होते. माझ्या जागेवर एक सौदी इंजिनिअर नेमला गेला होता. मॅनेजरने सरळ सांगितलं होतं, की त्याची मोजमापं तुझ्याशी जुळली की तुझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नाही. जुळली नाहीत तर आणखी सहा महिने थांब. माझी मुलगी दहावीत होती. परीक्षेचा अर्ज इथल्याच भारतीय शाळेतून भरलेला. परीक्षा मार्चमध्ये, इकामा डिसेंबरात संपणारा.

आणि त्याची मोजमापं जुळत नव्हती.

बंदूक लोखंडी घोडीत आवळलेली असायची. चाप दोरीने ओढायचा, म्हणजे माणसाच्या हाताचा संबंधच नको. गोळीचा वेग त्याचा आणि माझा सारखा. जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी शिरायची तीही सारखीच खोल. पण पन्नास मीटरवरच्या कागदावर माझ्या पाचही गोळ्या मधोमध, आणि त्याच्या वीतभर खाली. बंदूक तीच, काडतुसांचा खोका तोच. आठ दिवस हेच चाललं. मी सारखा त्याच्या मागे उभा राहून पाहायचो. चूक सापडत नव्हती.

"मुहंदिस, ही बंदूक तुला ओळखते," इंजिनिअरला अरबीत म्हणतात तशी हाक मारून एकदा तो म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

मग तो दोरी ओढण्याआधी ओठांतल्या ओठांत काही म्हणू लागला. रेंजचा पहारेकरी त्याला म्हणाला होता, या जागेत कुणीतरी आहे. भर दुपारी, उन्हात थरथरणाऱ्या त्या कागदाकडे पाहताना मलाही ते अशक्य वाटेना. कानांवर मफ चढवले की बाहेरचं सगळं बंद व्हायचं आणि फक्त स्वतःचा श्वास ऐकू यायचा. कधी कधी मला तो दोघांचा वाटायचा.

शेवटी मी रेंजवरचा कॅमेरा बंदुकीकडे वळवून ठेवला आणि दोघांचं काम टिपलं. रियाधमधल्या ओलाया भागातल्या ऑफिसात, सगळे जेवायला गेले असताना, एकटाच ते पाहत बसलो. चित्रात फक्त मनगटापासून पुढचे हात. आवाज नाही. त्याच्या हाताने नळी उघडली, कडी बसली, हात बाजूला झाला.

मग माझा हात आला. नळी उघडली, कडी बसली. आणि तळव्याच्या मुळाने त्या हाताने कडीवर दोन थापा मारल्या. मग अंगठा कडीवरून अलगद फिरवला.

मी असं कधी करत नव्हतो. शपथेवर सांगितलं असतं.

पुन्हा लावलं. पुन्हा दोन थापा, पुन्हा अंगठा. तो हात मी ओळखला. माझे वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. संध्याकाळी प्रत्येक वर्गाची कडी लावून तिच्यावर अशाच दोन थापा मारायचे आणि अंगठ्याने चाचपायचे. शेवटचा वर्ग माझा अभ्यास संपेपर्यंत उघडा ठेवायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी वेळेत पोहोचू शकलो नव्हतो. पडद्यावरच्या हाताची करंगळी आत वळलेली होती, त्यांची होती तशी. मी टेबलावरचा माझा हात पाहिला. करंगळी सरळ होती.

आमच्या कंपनीचा स्टोअरकीपर श्रीवर्धनकडचा होता, मी त्याला भाई म्हणायचो. फक्त त्याला दाखवलं आणि वडिलांचं सांगितलं.

"म्हणजे तुझ्या बापाने बंदुका चालवल्या इतके दिवस," तो म्हणाला. मग दार लोटून घेतलं. "हे बघ, कुणाला दाखवू नकोस. मार्च होऊ दे. मग सांग, काल सापडलं म्हणून."

"खोटं होईल ते, भाई."

"गप रे. घरात झुरळ दिसलं तर तू खुर्चीवर चढतोस, झुरळ वहिनी मारते. इथे कसला शूर होतोस?"

मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी रेंजवर तो सौदी इंजिनिअर म्हणाला, "मी राजीनामा देतो. माझे वडील पाण्याचा टँकर चालवतात. घरातला पहिला इंजिनिअर मी. त्यांना काय सांगू? बंदूक मला घाबरवते म्हणून?"

मी त्याला ऑफिसात नेलं आणि चित्रफीत दाखवली. त्याने ती पुन्हा लावून पाहिली. मग विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याने कडीवर दोन थापा मारल्या. पाचही गोळ्या मधोमध.

कारण साधं होतं. कडी खटकन बसल्यासारखी वाटायची, पण केसभर सैल राहायची आणि नळी तेवढीच खाली झुकायची. पळत्या गाडीतून उतरणारा शिपाई थापा मारत बसणार नाही, म्हणून ही कार्बाइन नाकारावी, असं अहवालात लिहिलं. खाली दोघांच्या सह्या. माझा इकामा डिसेंबरात संपला. मुलगी आणि बायको फेब्रुवारीत व्हिजिट व्हिसावर परत येऊन रियाधमध्येच अल मलाझला भाईच्या घरी राहिल्या, आणि तिथून मुलीने परीक्षा दिली.

रेंजवरच्या माझ्या शेवटच्या दिवशी फाटक त्या सौदी इंजिनिअरने लावलं. मी गाडीपाशी उभा होतो. कडी सरकवून त्याने तिच्यावर दोन थापा मारल्या, अंगठा फिरवला, आणि माझ्याशी काहीतरी बोलतच गाडीकडे आला. आपण काय केलं हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

"यल्ला, चल मग, मुहंदिस," म्हणत त्याने निरोपाला हात पुढे केला. मी तो धरला. करंगळीकडे पाहायचं मात्र टाळलं.